चौकटींतील चेहरे : छायाचित्रांच्या मांडणीचा व किमयेचा इतिहास

या स्मरणिकेसाठीं घरोघरचीं जुनीं छायाचित्रें मिळविण्याचें काम ज्या मंडळींकडे सोंपविण्यांत आलें, त्यांत प्रस्तुत लेखकही होता. दारव्हा, यवतमाळ व बोरी अरब या बाजूच्या कुटुंबांनीं भिंतींवरून उतरवून व ट्रंकांच्या तळांतून काढून जीं चित्रें आणून दिलीं, त्यांत बोरी अरबच्या एका घरचें लग्नाचें चित्र होतें. मधोमध नवरा-नवरी, दोहों बाजूंस दोन्ही घरचीं माणसें, आणि नवऱ्या मुलाच्या शेजारीं खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून, त्याचे आजोबा बसलेले. चित्र स्पष्ट होतें. पाठीवर तारीख होती. आजोबांचें याहून चांगलें चित्र आम्हांस कोठेंही मिळालें नव्हतें. मीं मोठ्या आनंदानें चित्राखालची ओळ लिहून टाकली : ‘नातवाच्या लग्नप्रसंगीं आजोबा.’ पुढें दुसऱ्याच कामासाठीं दफनाची नोंदवही चाळतांना असें आढळलें कीं, त्या लग्नाच्या आधीं तीन वर्षें हे गृहस्थ मातीआड झाले होते.

त्या चित्रांतील नवरी आज पणजी झाली आहे. तिला जाऊन विचारलें, तेव्हां ती हंसली. “थे कुठचे असतीन तवा? त्याइले मांगून बसवलं फोटूवाल्यानं. माह्या सासऱ्याचा लय हट्ट होता.”

घरीं येऊन भिंगाखालीं चित्र धरलें, तेव्हां आपल्या आंधळेपणाची लाज वाटली. इतर सर्वांच्या चेहऱ्यांवर उजेड डावीकडून पडला होता, आजोबांच्या चेहऱ्यावर उजवीकडून. खुर्चीच्या पायांना सांवली नव्हती. नवऱ्या मुलाची बाही व आजोबांचा खांदा जेथें एकमेकांस भिडतात, तेथें केंसाएवढी राखाडी रेघ होती. नोंदवही हातीं आली नसती, तर हें खोटें आमच्याच स्मरणिकेंत छापलें जाऊन उद्यांच्या इतिहासकारास पुरावा म्हणून मिळालें असतें.

त्याच आठवड्यांत आमच्या तरुण मंडळींनीं ज्युबिलीच्या दिवसासाठीं एक गोष्ट सुचविली. पटांगणांत एक ‘फोटो बूथ’ उभारावा. येणाऱ्या कुटुंबानें त्यांत उभें राहावें, यंत्रानें लागोपाठ चार चित्रें घ्यावीं, आणि मिनिटाभरांत दोन इंच रुंद व सहा इंच लांब अशी छापील पट्टी हातीं द्यावी. पट्टीवर एकाखालीं एक चार चौकटी आणि तळाशीं ज्युबिलीचें नांव व वर्ष. या चौकटींतील चित्रांवर नाना प्रकारचे ‘इफेक्ट’ चढवितां येतात : तपकिरी छटा, कृष्णधवल रूप, कडा विरत गेलेला अंडाकृति चेहरा, एकाच माणसाचीं दोन रूपें, चित्रांत नसलेलें माणूस आणून बसविणें, चेहरा उजळ करणें. यांपैकीं कोणते ठेवावे व कोणते गाळावे, याचा निवाडा मजकडे आला. नुकताच फसलेला मनुष्य अधिक सावध असतो, असा हिशेब असावा. एक वडील सभासद म्हणाले कीं, हीं सारीं आजच्या पोरांचीं खुळें आहेत. तसें मात्र नाहीं. या यादींतील प्रत्येक खुळाचें वय शंभर वर्षांच्या वर आहे, आणि बहुतेकांचा जन्म हौसेंतून नव्हे, अडचणींतून झालेला आहे.

प्रथम चौकटींच्या मांडणीचीच गोष्ट घेऊं. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची कृति जगापुढें आली, तेव्हां चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडांत टॅलबट यानें १८४१ सालीं कागदी नेगेटिव्हच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि एका मूळ चित्रावरून वाटेल तितक्या प्रती काढण्याची वाट मोकळी झाली. तरीही एका बैठकीस एक काच, एक धुणें, एक छाप असा खर्च राहिलाच. तो कमी करण्याची युक्ति पॅरिसच्या दिस्देरी नामक छायाचित्रकारानें काढली व १८५४ च्या नोव्हेंबरांत तिचें पेटंट घेतलें. त्यानें कॅमेऱ्यास अनेक भिंगें बसविलीं व मागची काच सरकती केली. त्यामुळें एकाच काचेवर आठ लहान चित्रें उमटूं लागलीं. तीं एकाच कागदावर एकदम छापावयाचीं, मग कातरून सुमारें चार इंच लांब व अडीच इंच रुंद अशा पुठ्ठ्यावर चिकटवावयाचीं. न कातरलेले असे कांहीं ताव आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. त्यांवर एकच गृहस्थ आठ वेळां दिसतो : उभा, बसलेला, टोपी हातांत घेतलेला, टोपी घातलेला. आजच्या पट्टीचा मूळ पुरुष हाच ताव होय. आपण पासपोर्टच्या आकाराचीं चित्रें काढावयास जातों, तेव्हां चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर आठ चेहरे छापून मिळतात. त्यांतही दिस्देरीचाच हिशेब चालू आहे.

याच दिस्देरीनें १८६३ सालीं आणखी एक प्रकार पेटंट केला. अनेक चेहरे कातरून एका मोठ्या पुठ्ठ्यावर खेटून चिकटवावयाचे, आणि त्या सबंध जुळणीचें पुन्हां एक लहान चित्र घ्यावयाचें. चार इंचांच्या पुठ्ठ्यावर नटनट्यांची किंवा राजपुरुषांची सारी सभा मावूं लागली. वाचकांनीं आपल्या घरांतील जुन्या स्मरणिका उघडून पाहाव्या. वर मध्यभागीं महागुरुस्वामींचें चित्र मोठ्या अंडाकृति चौकटींत, त्याखालीं दोहों बाजूंस धर्मगुरूंचे चेहरे लहान चौकटींत, आणि तळाशीं मंडळाच्या सभासदांच्या ओळी. हीं सर्व माणसें त्या पानावर जमलीं, तशीं एका खोलींत कधीं जमलीं असतील असें नाहीं. कित्येकांचा काळही एक नसेल. पण तेथें कोणी फसत नाहीं, कारण चौकटीची रेघ उघड दिसते. माझ्या चुकीचें मूळ रेघ पुसून टाकण्यांत होतें, आणि ती पुसण्याची विद्या आपल्या प्रांतीं फार लवकर आली.

मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी यांचा तिच्याशीं संबंध होता, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रें घेत. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन विद्यालयांत या कलेचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तेथें शिक्षण घेतलें व पुढें मुंबईंत आपली चित्रशाळा चालविली. विलायतेंतून आलेली ही विद्या दहा-पंधरा वर्षांच्या आंत मराठी माणसाच्या हातीं आली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या काळच्या मुंबईंतील सर्वांत महत्त्वाचें काम विल्यम जॉन्सन याचें. त्यानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या-जाणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचें पुस्तक केलें. त्याचे दोन खंड १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध झाले. चित्रांतील माणसें आपापल्या पोशाखांत मोकळ्या जागीं, घरांपुढें, झाडांखालीं किंवा देवळांच्या आवारांत उभीं दिसतात. परंतु त्यांपैकीं पुष्कळ माणसें त्या जागीं कधीं उभीं राहिलींच नव्हतीं. त्यांचीं चित्रें अन्यत्र घेतलेलीं. मग त्यांच्या आकृति कातरून वेगळ्या काढलेल्या स्थळचित्रांवर बसविलेल्या. तेव्हांच्या काचेवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. उघड्यावर वारा, सांवली व गर्दी यांपुढें माणसांचा घोळका स्थिर ठेवणें कठीण. अडचण खरी होती व उपायही चतुर होता. पण वाचकास ती गोष्ट डोळ्यांनीं कळत नाहीं. ‘मुंबईच्या अमक्या जमातीचे लोक अमक्या ठिकाणीं’ असें ज्यानें त्या पुस्तकावरून मानलें, तो माझ्याइतकाच फसला, आणि त्यास हंसून सांगणारी पणजीही नव्हती.

विलायतेंत हें काम उघडपणें कला म्हणून चाले. रेजलँडर नांवाच्या छायाचित्रकारानें १८५७ सालीं तीसांहून अधिक नेगेटिव्हें जुळवून एकच मोठें नीतिपर चित्र तयार केलें; त्यावर वाद झाला, आणि व्हिक्टोरिया राणीनें त्याची प्रत विकत घेतली. तो वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं.

आतां रंगछटांकडे वळूं. बूथमधील यंत्र ‘जुनें रूप’ म्हणून जी तपकिरी छटा चढवितें, ती जुन्या काळीं जुनें दिसण्यासाठीं नव्हती. उलट चित्र जुनें होऊं नये म्हणून होती. कागदावरील चित्र हें चांदीच्या सूक्ष्म कणांचें बनलेलें असतें, आणि हवेनें व ओलीनें हे कण झिजून चित्र फिकें पडतें. म्हणून आरंभीं सोन्याच्या क्षाराच्या पाण्यांत चित्र बुडवीत. पुढें गंधकाच्या क्षारानें चांदीचें रूपांतर अधिक टिकाऊ अशा गंधकयुक्त पदार्थांत करूं लागले. त्या क्रियेंत काळा रंग जाऊन तपकिरी येई. पावसाळ्यांत ज्यांच्या भिंतींना ओल येते, अशा आपल्या घरांतून साठ-सत्तर वर्षांपूर्वींचीं तपकिरी चित्रें धड राहिलीं आणि त्यांच्या शेजारचीं काळीं पिवळटून गेलीं, तर त्याचें एक कारण हें असूं शकतें. आजच्या यंत्राची तपकिरी छटा ही नुसती छटा आहे. तिनें पट्टीचें आयुष्य एका दिवसानेंही वाढत नाहीं.

अंडाकृति विरत्या कडांचेंही तसेंच. १८४० नंतर चेहऱ्याच्या चित्रांसाठीं जीं भिंगें प्रचारांत आलीं, त्यांचा मध्य सुरेख स्पष्ट येई पण कडा अंधुक येत. मागची भिंत, फाटका पडदा, खुर्चीची मोडकी पाठ हेंही झांकावयाचें असे. तेव्हां पुठ्ठ्यास भोंक पाडून त्याच्या कडा दांतेरी करावयाच्या, आणि छापतांना तो पुठ्ठा नेगेटिव्हवर थोड्या अंतरावर धरावयाचा, म्हणजे चेहरा मध्यें राही आणि भोंवतालचें सारें पांढऱ्या धुक्यांत विरून जाई. गरिबाची भिंत झांकणारी ही युक्ति मला मनापासून आवडते.

चेहरा उजळ करण्याची गोष्ट मात्र निराळी आहे, व तिच्यापाशीं थोडें थांबलें पाहिजे. आरंभींच्या काचांना निळा उजेड तेवढा चांगला दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आकाश पांढरें फटक येई, आणि तांबडें लुगडें व कपाळावरचें कुंकू काळें. आपल्या लोकांच्या सांवळ्या वर्णांत तांबूस-तपकिरी अंश असतो. तोही त्या काचेवर होता त्याहून अधिक काळा उमटे. अर्थात् घरच्या माणसांनीं तक्रार करावी, हें रास्त होतें, कारण यंत्र खरोखरच खोटें बोलत होतें. त्यावर चित्रकार नेगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनें काम करी. नेगेटिव्हवर जेथें शिशाची रेघ पडते तेथें उजेड अडतो, आणि छापील चित्रावर ती जागा उजळ येते. गालांवर, कपाळावर, डोळ्यांखालीं अशा शेंकडों सूक्ष्म रेघा ओढून तो यंत्राची चूक दुरुस्त करी. पुढें रसायनशास्त्र सुधारलें. फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं काचेस इतर रंगांची दृष्टि देण्याचा मार्ग दाखविला, व विसाव्या शतकाच्या आरंभीं सर्व रंग ओळखणाऱ्या काचा विक्रीस आल्या. चूक गेली, पेन्सिल मात्र हातांतून सुटली नाहीं. यंत्रास वर्ण नीट दिसूं लागल्यावरही मुलींचे चेहरे उजळ होतच राहिले, कारण तीं चित्रें स्थळें पाहणाऱ्यांकडे पाठवावयाचीं असत. औषध रोगाबरोबर संपलें नाहीं, त्याचें व्यसन झालें. आजच्या बूथमध्यें बोट लावतांच जो चेहरा गुळगुळीत व गोरा होतो, त्याची वंशावळ ही अशी आहे.

रंग भरण्याच्या कामानें तर कित्येक चित्रकारांचें पोट चाललें. काळ्या-पांढऱ्या चित्रावर पातळ रंगांचे हात देऊन साडीचा कांठ, कुंकू व दागिने ते जिवंत करीत. कांहीं ठिकाणीं रंग इतका दाट असे कीं, खालचें छायाचित्र दिसेनासें होई व नवेंच चित्र तयार होई. स्त्रियांच्या चित्रांची अडचण आणखी एक : परक्या पुरुषापुढें बसावयाचें कसें? निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबाद येथें केवळ स्त्रियांसाठीं निराळी चित्रशाळा काढून ती एका बाईंच्या हातीं दिली. तेव्हां आपला वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं असला, तरी कागदोपत्रीं निजामाचाच मुलूख होता. पण हैदराबादची ही सोय आपल्या खेड्यांतील लेकीसुनांपर्यंत पोंचण्याजोगी नव्हती.

आपल्याकडे छायाचित्र आलें तें बाजारच्या दिवशीं, पडद्याच्या गुंडाळीसह. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ दारव्ह्यावरून जाई. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें, आणि आतां ती गाडीच थांबली आहे. माझ्या लहानपणीं तिनें येणारा एक छायाचित्रकार कापूस विकला जाऊन लोकांच्या हातीं पैसा आला, म्हणजे बोरी अरबच्या बाजारांत दिसे. लिंबाच्या झाडाला तो पडदा टांगी. पडद्यावर संगमरवरी जिना, कमळांचें तळें व मागें एक राजवाडा रंगविलेला असे. त्याच्या पेटींत एक काळा कोट, एक टाय व एक बंद पडलेलें मनगटी घड्याळ असे, आणि तें सर्व गांवाच्या उपयोगी पडे. आमच्या गल्लींतील चार घरांच्या भिंतींवर चार शेतकरी त्याच कोटांत, त्याच घड्याळासह, त्याच जिन्यापाशीं उभे होते. त्यांत कोणास फसविण्याचा हेतु नव्हता, कारण कोट कोणाचा हें साऱ्या गांवाला ठाऊक होतें. वर्षभर चिखलांत राबलेल्या माणसास एक दिवस राजवाड्यापुढें उभें राहावेंसें वाटलें, एवढाच त्याचा अर्थ.

त्याची पेटी म्हणजेच त्याची अंधारी खोली. बाजूच्या काळ्या बाहींतून हात घालून तो आंतल्या आंत कागद धुई. प्रथम उलट चित्र निघे, म्हणजे केंस पांढरे व दांत काळे. तें ओलें चित्र तो भिंगासमोरच्या फळीवर लावी व त्याचेंच पुन्हां चित्र घेई. तेव्हां सुलट चेहरा हातीं येई. काळ्या कागदास पिंपळाच्या पानाचें भोंक पाडून त्या आकारांत चेहरा छापून देण्याचे तो दोन आणे अधिक घेई. जुळ्या रूपाचा चमत्कारही त्याच्या हातीं होता : भिंगाचा अर्धा भाग झांकून माणसास डावीकडे बसवून एकदां उजेड द्यावयाचा, मग दुसरा अर्धा झांकून त्यालाच उजवीकडे उभें करून पुन्हां द्यावयाचा. माझे थोरले बंधु असे स्वतःच स्वतःच्या हातीं चहाचा कप देतांना आमच्या घरीं बरींच वर्षें भिंतीवर होते.

आणि जोडफोटो. ज्याच्या घरीं माणूस गेलें, त्यानें तें माणूस असलेलें एखादें लहान चित्र, बहुधा जत्रेंतील किंवा ओळखपत्रावरील, त्याच्याकडे द्यावें. तो तें घेऊन जाई व नव्या चित्रांतील माणसांच्या मापाचें करून छापी. आकृति धारदार पात्यानें कातरी. कागदाची कड जाड दिसूं नये म्हणून मागून कांचकागदानें घासून पातळ करी. घोळक्याच्या चित्रावर चिकटवी. सांध्यावर राखाडी रंगाचा हात देई. आणि सबंध जुळणीचें नवें नेगेटिव्ह काढी. जॉन्सननें मुंबईंत केलें तेंच हें काम. केवळ चेहरा मिळाला, धड मिळालें नाहीं, तर धड दुसऱ्याचें. खुर्ची, कोट व गुडघ्यांवरचे हात हे कित्येक घरांत सारखेच आढळतात. या स्मरणिकेसाठीं आलेल्या चित्रांत एकच धड दोन निराळ्या घरच्या आजोबांना मिळालेलें मीं स्वतः पाहिलें आहे.

या विद्येचा सर्वांत मोठा मराठी उपासक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें, गोध्र्यास छायाचित्रांचें दुकान मांडलें, जादूचे प्रयोग केले, आणि रंगीत छपाईचीं यंत्रें पाहण्यासाठीं १९०९ सालीं जर्मनीचा प्रवास केला. छायाचित्र, जादू व तिरंगी छपाई या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हातीं आल्या, तेव्हां काय होईल हें सांगावयास नको. मुंबईस १९१०-११ च्या सुमारास त्यांनीं प्रभु येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो पाहतांना आपल्या डोळ्यांपुढें राम व कृष्ण उभे राहत होते, असें त्यांनीं स्वतःच पुढें ‘नवयुग’ मासिकांत लिहिलें. १९१३ च्या मे महिन्यांत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्यें साळुंके या एकाच नटानें राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ च्या आरंभीं त्यांची लहान मुलगी मंदाकिनी प्रेक्षकांकडे पाहून एकामागून एक मुद्रा करून दाखविते, आणि मग तिचा चेहरा विरत जाऊन त्या जागीं मुकुट घातलेला श्रीकृष्ण येतो. बापानें प्रथम मुलीचा खरा चेहरा दाखविला व मगच किमया केली. मला या क्रमाचें महत्त्व फार वाटतें. पुढें बूथच्या पट्टीचा निवाडा करतांना मीं तोच उचलला.

स्वयंचलित बूथ निघाला तो अमेरिकेंत. सैबेरियांतील ओम्स्क येथें जन्मलेल्या अनातोल जोसेफो यानें १९२५ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर आपलें यंत्र मांडलें. पंचवीस सेंट टाकले कीं आठ चित्रांची पट्टी सुमारें आठ मिनिटांत बाहेर येई. पहिल्या सहा महिन्यांत दोन लाख ऐंशी हजार लोकांनीं त्यांत चेहरे दाखविले, आणि १९२७ सालीं त्यानें अमेरिकेपुरते हक्क दहा लाख डॉलरला विकले. त्या पेटींत चित्रकार नव्हता. म्हणून ‘हनुवटी वर, हंसूं नका’ असें दटावणाराही नव्हता. लोक तेथें वांकडें तोंड करूं लागले, दोघे-दोघे शिरूं लागले. त्यानंतर सत्तर वर्षांनीं, १९९५ सालीं, जपानांत अॅटलस व सेगा या कंपन्यांनीं ‘प्रिंट क्लब’ हें यंत्र आणलें. त्यानें चेहऱ्याभोंवतीं रंगीबेरंगी चौकट घालून लहान लहान चिकटचित्रांचा ताव छापून दिला. शाळकरी मुलींनीं तें डोक्यावर घेतलें. चौकटीवर नक्षी व चेहऱ्यावर किमया असें जें रूप आज लग्नकार्यांतून दिसतें, तें तेथून आलें.

आमच्याकडे येणारें यंत्र चार बाय सहा इंचांच्या कागदावर दोन पट्ट्या शेजारीं-शेजारीं छापतें व मधून कापतें. एक कुटुंबानें न्यावी, एक आमच्या वहींत चिकटवावी. कागदावर पिवळा, किरमिजी व निळा असे तीन रंग उष्णतेनें एकामागून एक चढतात व वर पारदर्शक थर बसतो. फाळके ज्या तिरंगी छपाईसाठीं जर्मनीस गेले, तिचेंच हें नातवंड. दर इंचास तीनशें ठिपके धरले, तर पट्टी सहाशें ठिपके रुंद व अठराशें ठिपके लांब. कृष्णधवल करतांना यंत्र सामान्यतः तांबड्याचे शंभरांत तीस, हिरव्याचे एकूणसाठ व निळ्याचे अकरा असे भाग धरतें. त्यामुळें तांबडें कुंकू आजही काळपटच येतें. चार चौकटी अरुंद पट्टीवर बसवितांना कडेचीं माणसें कापलीं जातात, हें मंडळींनीं ध्यानांत घ्यावें. आमच्याकडील कुटुंबें चारांचीं नसतात.

निवाडा पुढीलप्रमाणें दिला. पहिली चौकट कोणत्याही किमयेविना, जसा चेहरा तसा. उरलेल्या तिहींत तपकिरी छटा, कृष्णधवल रूप व विरत्या कडा, ज्यास जें आवडेल तें. जुळें रूप लहान मुलांसाठीं ठेवलें. चेहरा उजळ करण्याची सोय यंत्रांतून काढून टाकण्यास सांगितली. यावरून दोन मुली मजवर रुष्ट आहेत, व त्यांचा राग मीं सोसला आहे. मूळ चित्रें नांवें व तारीख यांसह निराळीं जपून ठेवावयाचीं, म्हणजे पुढच्या ज्युबिलीस चित्रें गोळा करणाऱ्यास भिंग घेऊन सांवल्या शोधावयास नकोत.

एका गृहस्थांनीं विचारलें कीं, गेल्या वर्षीं वारलेल्या वडिलांस यंत्र आमच्या पट्टींत बसवून देईल काय. यंत्र देईल, आणि राखाडी रेघही ठेवणार नाहीं. मला त्यांस नाहीं म्हणवेना, हो म्हणवेना. शेवटीं जुन्यांतली जुनी रीत आठवली. दागेरच्या पत्र्यांच्या काळापासून लोक गेलेल्या माणसाचें चित्र हातांत धरून स्वतःचें चित्र काढवीत आले आहेत. तसें करावें असें त्यांस सुचविलें, व तें त्यांना पटलें. वडिलांची तसबीर घेऊन ते येणार आहेत.

राहतां राहिलें बोरी अरबचें लग्नाचें चित्र. तें पुढील पानावर छापलें आहे. खालची ओळ बदलून ‘आजोबांची आकृति मागाहून जोडलेली’ असें लिहिलें, आणि छापखान्यांतून आलेला कच्चा ताव घेऊन पणजीला वाचून दाखविला. तिनें सारें नीट ऐकून घेतलें.

“मांगून कायले लिहितं?” ती म्हणाली. “लगन त त्याइनंच जमवलं होतं.”

ओळ तशीच ठेवली आहे. तिच्याखालीं, तिच्या सांगण्यावरून, एक ओळ वाढविली : ‘हा विवाह त्यांनींच ठरविलेला होता.’